दोन सर्व्हर, एकच दप्तर

जन्ममृत्यूच्या व जमिनीच्या नोंदी आता अनेक ठिकाणी संगणकावर ठेवल्या जातात. मुख्य सर्व्हर बिघडल्यास ग्रामस्थांचे काम अडू नये, म्हणून त्याच दप्तराची प्रत अन्यत्र दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणे इष्ट होय. परंतु रोज संपूर्ण दप्तर पाठवावयाचे म्हटल्यास मंद जोडणीवर रात्रही पुरत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ‘आरसिंक’ ही आज्ञावली सिद्ध केली. ती प्रथम दोन्हीकडील फाइलींचा आकार व शेवटच्या बदलाची वेळ ताडून पाहते. दोन्ही जुळल्यास फाइल पाठविलीच जात नाही. न जुळल्यास प्रत घेणारा सर्व्हर आपल्या जुन्या फाइलचे समान तुकडे पाडून प्रत्येकाचे दोन पडताळा-अंक कळवितो. एक झटपट निघणारा, दुसरा अधिक खात्रीचा. मूळ सर्व्हर नव्या फाइलमधून एकेक बाइट पुढे सरकत ते तुकडे शोधतो. त्यामुळे मध्येच एखादी ओळ वाढली तरी पुढील मजकूर ओळखला जातो. जो भाग सापडत नाही, तेवढाच धाडला जातो.

मात्र अशी प्रत हा मुळाचा आरसा आहे. मुळातील चूक तीतही उतरते. ‘डिलीट’ हा पर्याय दिला असल्यास मुळातून अनवधानाने पुसलेली फाइल प्रतीतूनही नाहीशी होते. म्हणून आधी ‘ड्राय रन’ करून काय पुसले जाणार ते पाहावे आणि मागील तारखांच्या प्रती स्वतंत्रपणे जतन कराव्यात. हरवलेली नोंद पुन्हा मिळवून देणे आरशाला साधत नाही.