ठेल्यावरचा पैसा



देवासला १९७४ पासून नोटांचा छापखाना आहे. त्याच शहरात पोहे-जिलबीच्या ठेल्यावर आता मोबाइलनेही पैसे चालतात. यूपीआय २०१६ साली आले. ठेलेवाल्याला त्यात कमिशन नाही, सुट्ट्यांची कटकट नाही. २०२० च्या पीएम स्वनिधी योजनेत तर डिजिटल व्यवहारावर थोडी रक्कम परतही मिळते.

पण पहाटे मंडीत माल रोखीने घ्यायचा असला तर कालची कमाई खात्यात अडकलेली! शिवाय नेटवर्क गेले की गिऱ्हाईक ‘पाठवले’ म्हणून निघून जाते. रक्कम आलीच नाही तर त्या प्लेटचा तोटा त्याचाच. तेव्हा मुलांनो, धार असो की देवास, पैसे पोचल्याचा आवाज येईपर्यंत ठेल्यापाशी थांबत जा. सकाळच्या बोहनीला मात्र आम्ही अजून रोखच देतो.