द्राक्षाचे पान आणि औषधाचा थेंब

ऑक्टोबरात नाशिककडचे बागाईतदार द्राक्षवेलींची गोडी छाटणी करतात. एप्रिलमधील खरड छाटणीने काडी तयार होते, तर या छाटणीनंतर घड येतात. नव्या फुटीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला किंवा रात्री दाट दव पडले, की पानांवर केवडा येतो. शेतकरी त्याला 'डाऊनी' असेही म्हणतात. पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी बुरशी, ही त्याची खूण. तो कोवळ्या घडांत शिरला, तर वर्षाची मेहनत वाया जाते.

या बुरशीचे बीजाणू चक्क पोहतात! पानावर पाण्याचा पातळ थर मिळाला, की ते त्यातून पोहत पर्णरंध्रे गाठतात. द्राक्षाची पर्णरंध्रे असतात पानाच्या खालच्या बाजूला. तेव्हा औषध तेथे पोहोचले पाहिजे, आणि तेही बुरशी आत शिरण्यापूर्वी.

केवड्यावरचे जुने औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्डो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत, म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडत. त्याच वेली केवड्यापासून वाचल्या, हे १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. १८८५ मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद आणि साधारण तितकाच चुना लागतो. त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहतात. सुरीवर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजावे, नाहीतर मोकळे तांबे पाने जाळते. दहावीच्या पुस्तकातील विस्थापन अभिक्रिया ती हीच.

आता थेंबाकडे वळू. ४०० मायक्रॉन, म्हणजे ०.४ मिलिमीटर व्यासाचा एक थेंब घ्या. तेवढ्याच पाण्यातून १०० मायक्रॉनचे ६४ थेंब होतात, कारण घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. हे ६४ थेंब मिळून चौपट पृष्ठभाग झाकतात. औषध तेवढेच, काम चौपट! मग थेंब आणखी बारीक का करू नयेत?

येथे हवेचा विरोध आडवा येतो. ४०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने पडतो, १०० मायक्रॉनचा सुमारे २५ सेंटिमीटर आणि २० मायक्रॉनचा जेमतेम १ सेंटिमीटर. दोन मीटर उंचीवरून खाली यायला या शेवटच्या थेंबाला तीन मिनिटे लागतील. तेवढ्यात झुळूक त्याला शेजारच्या शेतात, नाहीतर फवारणाऱ्याच्या नाकातोंडात नेईल. दुपारच्या उन्हात तर तो वाटेतच सुकतो. अगदी मोठे थेंब पानावरून ओघळून मातीत जातात. पान निथळेपर्यंत फवारले म्हणजे औषध बसले, ही समजूत म्हणूनच खोटी आहे.

पान गाठूनही थेंब टिकेलच असे नाही. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब ठेवा. तो गोळी होऊन पळतो. त्याच पानावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. तो बराच पसरतो. साबणाने पृष्ठताण कमी होतो. फवाऱ्यात अनेकदा 'स्टिकर' मिसळतात, तो याचसाठी.

पहाटेची निवांत हवा फवारणीला उत्तम, असे कोणालाही वाटेल. परंतु निरभ्र रात्रीनंतर जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असते. हवा वर-खाली मिसळत नाही. बारीक थेंबांचा ढग तसाच तरंगत दूर सरकतो. ऊन थोडे वर आल्यावरची मंद, एका दिशेची झुळूक त्याहून बरी.

काही बागांत विद्युतभारित थेंबांचे फवारेही आले आहेत. भारित थेंब जवळ येताच पानावर विरुद्ध भार प्रेरित होतो आणि थेंब त्याकडे ओढला जातो. काही थेंब तर वळसा घालून पानाच्या खालच्या बाजूस, पर्णरंध्रांपाशी जाऊन बसतात.