जीन्समधले जीन्स

तुमच्या जीन्सचा कापूस यवतमाळचा असेल-नसेल, पण धागा बहुतेक 'अमेरिकन' कापसाचा आहे. आपल्याकडे वणीपासून दारव्ह्यापर्यंत आज दिसते ती पऱ्हाटीही जवळजवळ सगळी तीच. आजोबांना विचारा, ते दुसरीच पऱ्हाटी सांगतील. धागा आखूड, पण कमी पाण्यावर तग धरणारी, मावा-तुडतुड्यांना सहजासहजी दाद न देणारी. ती देशी.

मग देशीचा हा चिवटपणा अमेरिकनमध्ये का नाही आणत? दोन्ही कापूसच ना, करा की संकर!

गाडी अडते ती जनुकांच्या मांडणीपाशी. देशीच्या पेशीत गुणसूत्रं २६, अमेरिकनच्या ५२. स्कोव्हस्टेड या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये दाखवलं की अमेरिकनच्या २६ जोड्यांपैकी १३ मोठ्या आहेत, १३ लहान. म्हणजे एकाच झाडात दोन घरांचा संसार! मोठी गुणसूत्रं आपल्या देशीच्या भाऊबंदाची, लहान अमेरिकेतल्या एका रानकापसाची. ही सोयरीक १० ते २० लाख वर्षांपूर्वी तिकडेच जुळली. गंमत म्हणजे त्या रानकापसाला वेचण्यासारखा कापूसच नसतो. तरी अमेरिकनच्या लांब, मजबूत धाग्यात त्याच्या बाजूच्या जनुकांचाही मोठा वाटा आहे.

दोन्ही घरांत जनुकं साधारण सारखीच, त्यांचा क्रमही बराचसा तोच. पण मोठ्या घराचा डीएनए जवळपास दुप्पट. कारण? स्वतःच्याच नकला काढत सुटणारे डीएनएचे तुकडे. वर्गात पोरं तेवढीच, मधे रिकामे बाक वाढत गेलेले, असं समजा.

खरा घोळ पुढे आहे. मोठ्या घरातल्या २ आणि ३ नंबरच्या गुणसूत्रांनी आपापले मोठे तुकडे एकमेकांत बदलले, ४ आणि ५ नेही तेच केलं. दोन मालगाड्यांनी वाटेत मागचे डबे अदलाबदल करावेत, तसं. माल सगळा आहे, पण गाडी जुनी राहिली नाही.

आता देशी आणि अमेरिकनचा संकर करा. रोपात गुणसूत्रं येतात ३९. बीज तयार होताना प्रत्येकाने आपला जोडीदार शोधायचा असतो. रानकापसाकडच्या १३ ना तो मिळतच नाही. बाकीच्यांत डबे बदललेले, त्यामुळे दोन-दोनच्या जोड्यांऐवजी काही ठिकाणी चार-चार एकत्र गुंततात. झाड वाढतं, फुलतं, पण सरकी जवळपास धरतच नाही. उपाय आहे. कोल्चिसीनने गुणसूत्रं दुप्पट करायची, मग पुन्हा पुन्हा अमेरिकनशी संकर करत राहायचं. यात वर्षं जातात.

'जाऊ द्या ना' म्हणायची सोय यवतमाळला नाही. इथली बहुतेक पऱ्हाटी पावसाच्या भरवशावर, आणि २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली. किडीला स्वतःच तोंड देणारं झाड आपल्याला कशाला हवंय, हे वेगळं सांगायला नको. माझ्या मते तोवर देशीलाही थोडं वावर द्यावं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे देशी वाण आहेतच.

बॉटनीवाल्यांनो, कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल झालं असेल तर एकदा पऱ्हाटीची कोवळी कळी घेऊन सरांकडे जा. गुणसूत्रं फार बारीक असतात, पहिल्या दिवशी स्लाईड जमणार नाही.