फ्रीमँटलच्या धक्क्याला लागण्याआधी

2017 साली गोव्याहून निघालेल्या ‘तारिणी’चा पहिला मुक्काम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला पडला. ती भारतीय नौदलाची शिडाची नौका, तिची गोष्ट वेगळी. खासगी यॉट घेऊन तिथे जायचं, तर किमान 12 तास आधी आगमनाची वर्दी द्यावीच लागते. व्हिसाही आधीच हवा. येताना तपासणी बाकी असल्याची खूण म्हणून पिवळा ‘क्यू’ झेंडा चढवायचा. तपासणी होईपर्यंत कुणी उतरायचं नाही, कचऱ्याची पिशवीसुद्धा धक्क्यावर ठेवायची नाही. अधिकारी स्वयंपाकाची कपाटं उघडून पाहतात. उरलेली अंडी, फळं, मांस बहुधा जप्तच. तिथल्या शेतीच्या दृष्टीनं हे रास्तच आहे. खर्च मात्र इथेच वाढतो. जैवसुरक्षा तपासणीचं शुल्क यॉटवाल्यानंच भरायचं आणि कार्यालयीन वेळेबाहेर जादा आकार. म्हणून शक्यतो कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी पोचा.