फाउल कोणी सांगावा?

पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास बिलिअर्ड्‌सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच कुळातल्या पूल या खेळातील एका अडचणीच्या जागेविषयी आज आम्हांला बोलावयाचे आहे.

मोठ्या सामन्यात पंच असतो. क्लबात रोज संध्याकाळी पंच कोठून आणावयाचा? तेथे नियम असा, की एकजण खेळत असताना बसलेल्या प्रतिस्पर्ध्यानेच पंचाचे काम करावे. शिवाय पुढचा फटका सुरू होण्यापूर्वी फाउल सांगितला गेला नाही, तर तो घडलाच नाही असे धरतात. म्हणजे गप्प बसणाऱ्याला नियमाचाच आडोसा! समजा, वाकताना बाही पांढऱ्या चेंडूला ओझरती लागली. बसलेला गृहस्थ त्या क्षणी पोऱ्याला चहा सांगत होता. ही गोष्ट ठाऊक असलेला माणूस जगात एकच. त्याने 'फाउल' म्हटले, तर 'नाइन बॉल' प्रकारात प्रतिस्पर्धी पांढरा चेंडू हवा तेथे ठेवून खेळू शकतो, आणि पुष्कळदा डावच हातचा जातो.

परंतु सगळेच तंटे अप्रामाणिकपणातून उद्भवत नाहीत. पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूपासून बोटभर अंतरावर आहे आणि सरळ समोर मारावयाचे आहे. क्यूचे टोक पांढऱ्याला लागते, पांढरा समोरच्यावर आपटून थबकतो, आणि पुढे येणारे टोक त्याला पुन्हा लागते. हा दुहेरी स्पर्श फाउल होय. तो इतक्या झटपट होतो, की हाताला कळतही नाही. खेळाडू शपथेवर 'नाही' म्हणेल, आणि खोटे बोलत नसेल!

येथे चेंडूंची चाल पाहावी. दोन्ही चेंडू सारख्या वजनाचे. म्हणून समोरासमोर टक्कर झाली, की पांढऱ्याची बहुतेक गती दुसऱ्यात जाते. वरच्या अंगाला मारलेला पांढरा पुढे जातो खरा, पण क्षणभर अडखळून. दोघे एकाच वेगाने जोडीने निघाले, तर टोक दोनदा लागले असे समजावे. चेंडू आधीपासून चिकटलेलेच असतील, तर मात्र पूलमध्ये ही खूण चालत नाही. तेव्हा दोघे जोडीने जाऊ शकतात. स्नूकरमध्ये चिकटलेल्या चेंडूपासून दूरच मारावे लागते. हे माहीत नसलेला सज्जन आम्हांला लबाडाइतकाच अवघड वाटतो. लबाड निदान मनात ओशाळतो.

असा फटका दिसताच बसलेल्याने उठून म्हणावे, "जरा थांबा, कोणाला तरी पाहावयास बोलावू." फटक्यानंतर बोलावलेला साक्षीदार काय सांगणार? आपल्याकडे यावर लगेच, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" असे येते. हा रुसवा आम्हांला मुळीच पटत नाही. खेळणाऱ्यानेच आधी बोलवावे, म्हणजे रुसावयाचे कारण उरत नाही. शेजारच्या टेबलावरचा कोणी येतो, वाकून दोन चेंडूंतली फट पाहतो, आणि म्हणतो, "हं, मारा."