फिटची गोळी आणि जडीबुटीचे काढे

अपस्मारावर फेनिटॉइन हे औषध 1938 पासून वापरात आहे. ते स्वस्त आणि गुणकारी आहे, पण त्याची सुरक्षित मर्यादा फार अरुंद आहे. रक्ताच्या दर मिलिलिटरमागे 10 ते 20 मायक्रोग्रॅम फेनिटॉइन असले, तर बहुतेकांच्या फिट आटोक्यात राहतात. पातळी त्याहून खाली गेली की फिट परतण्याचा धोका असतो. वर गेली की तोल जातो, जीभ अडखळते, गुंगी येते. यकृतातील विकरे या औषधाचे विघटन करतात. मात्र त्यांची क्षमता लवकर संपते आणि मग थोड्याशा वाढीनेही पातळी एकदम चढते. अशा औषधाशी एखाद्या वनस्पतीची गाठ पडली, तर परिणाम दोन्ही दिशांनी होऊ शकतो.

बुद्धिवर्धक म्हणून घेतल्या जाणाऱ्या शंखपुष्पीच्या सिरपमुळे पातळी घटण्याची शक्यता पुढे आली. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांना असे सिरप सुरू केल्यावर पुन्हा फिट येऊ लागल्या. त्यानंतर मुंबईतील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून 1992 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिरपच्या एका डोसने फेनिटॉइनची पातळी बदलली नाही, तरी त्याचा फिट रोखण्याचा गुण कमी झाला. अनेक डोस दिल्यावर पातळीही उतरली. विशेष म्हणजे, एकट्या सिरपमध्ये फिट रोखण्याचा थोडा गुण आढळला होता. त्यात अनेक वनस्पती असल्याने दोष एकट्या शंखपुष्पीचा, असे म्हणता येत नाही.

मिरी आणि पिंपळीतील पायपरिनचा परिणाम नेमका उलट आहे. अपस्माराच्या रुग्णांना पायपरिनचा एकच डोस दिल्यावर फेनिटॉइनचे शोषण वाढल्याचे दिसले. त्रिकटू चूर्णात मिरी व पिंपळी दोन्ही असतात. हळदीच्या अनेक कॅप्सूलमध्येही पायपरिन मुद्दाम घातलेले असते.

काही वनस्पती औषधाला हात न लावताही फिट आणू शकतात. गिंको या झाडाच्या बियांमधील विष ब-6 जीवनसत्त्वाचे काम अडवते. त्यामुळे मेंदूला शांत ठेवणारे ‘गाबा’ हे रसायन कमी पडते. कापूर पोटात गेल्यानेही फिट येऊ शकते.

आयुर्वेदिक असो वा घरगुती, काढा किंवा चूर्ण सुरू करण्यापूर्वी आणि बंद करतानाही डॉक्टरांना सांगावे. गरज पडल्यास रक्तातील पातळी तपासून घ्यावी. फिटची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. ती अचानक थांबवल्यास एकामागून एक फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो.