शिळेवरील संख्या आणि माणसाचे नाव

धारातीर्थी पडलेल्या वीराचे स्मरण करणे हा समाजाचा फार जुना धर्म आहे. महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या वेशीजवळ किंवा महादेवाच्या देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. सर्वांत खालच्या चौकटीत युद्धाचा प्रसंग, त्यावर वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि शिरोभागी चंद्रसूर्य, अशी त्यांची सामान्य रचना असते. आकाशात चंद्रसूर्य आहेत तोवर या पुरुषाची कीर्ती राहो, हा त्यातील आशय. तथापि बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही कोरलेले नाही. शिळा टिकली, नाव मात्र गेले.

हीच गोष्ट अलीकडच्या काळातही घडली आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत पाट्या बसविल्या. या गावातून इतके लोक युद्धावर गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात पडले. सैनिकी परंपरेमुळे हे गाव अपशिंगे मिलिटरी याच नावाने ओळखले जाते. तेथे या जवानांचे स्मारक असून गाव त्यास मान देतो. परंतु सर्वच गावांची स्थिती अशी नाही. कोठे चावडी पाडली गेली, कोठे पाटीवर चुन्याचे हात बसले, आणि संख्येमागील माणसे कोण होती हे सांगणारी पिढी निघून गेली.

संख्या आणि नाव यांतील अंतर किती मोठे आहे, हे युद्धस्मारकांच्या इतिहासावरून स्पष्ट होते. २१ मे १९१७ रोजी ब्रिटिश साम्राज्यातील मृत सैनिकांच्या स्मरणासाठी एक आयोग स्थापन झाला. १९६० पासून तो राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणून ओळखला जातो. प्रत्येक मृताचे स्मरण त्याच्या नावाने व्हावे, आणि हुद्दा, वंश वा धर्म यांवरून भेद होऊ नये, हे त्याचे तत्त्व होते. तत्त्व थोर खरे, पण आचरण सर्वत्र तसे घडले नाही. इराकमधील बसरा येथील स्मारक ४०,००० हून अधिक मृतांसाठी उभारले गेले. पुणे डिव्हिजन या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन याच मोहिमेत कूत येथे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकली होती आणि तीत मराठा पलटणीही होत्या. त्या स्मारकाच्या फलकांवर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या लिहिली गेली. २०२१ साली आयोगाच्याच समितीने हा दोष मान्य केला. सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि निदान १,१६,००० मृतांचे, प्रामुख्याने आफ्रिका व मध्यपूर्वेतील, स्मरण नावाने झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे तिच्या अहवालात नमूद आहे.

याच्या उलट उदाहरणेही आहेत व ती मुलांना अवश्य सांगावीत. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे मार्च १९१५ मध्ये भारतीय सैन्य लढले. १९२७ साली तेथे उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत, आणि स्तंभावरील लेखात देवनागरी अक्षरेही आहेत. इंग्लंडमध्ये ब्रायटन येथील इस्पितळांत मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन गावाबाहेरील टेकडीवर झाले. त्या जागी १९२१ साली संगमरवरी छत्री उभी राहिली, पण तिच्यावर नावे नव्हती. २०१० साली शेजारी नवा फलक उभारून ती सर्व नावे कोरण्यात आली. तेथे दरवर्षी जूनमध्ये स्मरणसभा भरते. बेल्जियममधील ईप्र शहराच्या मेनिन वेशीवर ५४,००० हून अधिक नावे असून त्यांत भारतीयही आहेत. तेथे १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजतो. दुसऱ्या महायुद्धात शहर शत्रूच्या ताब्यात असतानाच काय तो या क्रमात खंड पडला.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे हे मराठा पलटणीचे जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. सोबतचे सर्व साथीदार ठार वा जखमी झाले असता त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांचे नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे, माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने छायायंत्ररूपी स्मारक उभारले. परक्या भूमीतील लोक जे नाव जपतात, ते येथील शाळेतील मुलास ठाऊक नसावे, हे शोभत नाही.

स्वदेशात दिल्लीचे इंडिया गेट १९३१ साली पुरे झाले व त्यावर १३,००० हून अधिक नावे आहेत. स्वातंत्र्योत्तर काळातील वीरांसाठी राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. त्याच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या फरशांवर एकेका जवानाचे नाव कोरलेले आहे. इंडिया गेट येथील १९७२ सालची अमर जवान ज्योत २१ जानेवारी २०२२ रोजी याच स्मारकाच्या ज्योतीत विलीन करण्यात आली.

येथे वरच्या वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, जे परक्या राजासाठी लढले त्यांचे स्मरण का करावे? हा प्रश्न टाळू नये. सैन्यात जाणाऱ्यांपैकी कोणी दुष्काळामुळे गेले, कोणी घराण्याच्या रिवाजाने, कोणी पगारासाठी. युद्ध कोणाचे होते हे त्यांनी ठरविले नव्हते. स्मरण साम्राज्याचे करावयाचे नाही, माणसाचे करावयाचे आहे. तसेच शत्रुराष्ट्राविषयी द्वेष शिकविणे हाही स्मरणदिनाचा हेतू नव्हे.

शाळेतील कार्यक्रम साधा व थोडक्या वेळाचा असावा. दोन मिनिटे स्तब्ध राहण्याची चाल पहिल्या महायुद्धानंतर ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सुरू झाली. आपल्याकडे ३० जानेवारीस सकाळी अकरा वाजता मौन पाळतात. मौन का पाळावयाचे हे आधल्या दिवशीच वर्गात समजावून द्यावे, अन्यथा ती केवळ एक शिस्तीची कवायत होते. लांब भाषणे टाळावीत. गावातील मृत जवानांची नावे विद्यार्थ्यांनी स्वच्छ उच्चारात, सावकाश वाचावीत. वीरमाता अथवा वीरपत्नी उपस्थित असल्यास त्यांना अग्रस्थान द्यावे. पण बोलण्याचा आग्रह धरू नये.

नावे मिळविण्याचे काम वर्षभर चालू ठेवता येते. प्रथम गावातील पाटीवरील मजकूर जसाच्या तसा वहीत उतरून घ्यावा. नंतर वृद्ध मंडळींकडून, जुन्या पदकांवरून व पेन्शनच्या कागदांवरून नावे जमवावीत. पदकाच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. युद्धसमाधी आयोगाची नोंदवही संगणकावर सर्वांस खुली आहे. तीत अनेक शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव व जिल्हा दिलेला असतो. रोमन लिपीत नावे विपर्यस्त झालेली असल्याने निरनिराळ्या वर्णांनी शोध घ्यावा लागतो. स्वातंत्र्योत्तर काळातील जवानांविषयी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे विचारणा करावी. दोन पुरावे जुळल्याशिवाय कोणतेही नाव पक्के धरू नये, कारण चुकीचे नाव कोरणे हाही त्या माणसावर अन्यायच होय.

अशी एक वही शाळेच्या दप्तरी राहिली, तर शिक्षकाची बदली झाली तरी काम थांबणार नाही. पाटीवरच्या दहा जणांपैकी तिघांचीच नावे हाती लागली, तर ती तीन लिहावीत व उरलेल्या सात ओळी कोऱ्या ठेवाव्यात. पुढील वर्गातील मुलांना आपले काम कोठून सुरू करावयाचे, हे त्या कोऱ्या ओळींवरून कळेल.